भिडस्त लेखकाचा सूत्रधार

आमच्या माजघरांतील फळीवर, लोणच्यांच्या बरण्यांशेजारीं, पुठ्ठ्याचीं तीन खोकीं गेलीं सहा वर्षें ठाण मांडून होतीं. दर दिवाळीस त्यांवरील धूळ झटकली जाई आणि दर दिवाळीस वडील वहिनी मला एकच प्रश्न विचारीत, "भावोजी, यंदा तरी हीं हलणार का?" त्या खोक्यांत माझें पुस्तक होतें, म्हणजे एकाच पुस्तकाच्या ३४८ प्रती होत्या.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं गांवच्या आठवणींचे लघुनिबंध एकत्र केले, पदरचे पैसे घातले आणि ५०० प्रती छापून घेतल्या. छापणाऱ्यानें विक्रीची जबाबदारी तोंडीं घेतली होती. ती तोंडींच राहिली. आमच्या शिरूर कासारांत पुस्तकाचें दुकान म्हणजे वह्या आणि गाइडें यांचें दुकान; ललित पुस्तक हवें असेल तर बीडची मोटार धरावी. वाटल्या गेलेल्या १५२ प्रतींपैकीं १२५ लग्नामुंजींत आहेर म्हणून गेल्या. खरोखर विकल्या गेल्या त्या २७, आणि त्याहि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीं घेतल्या. त्यांतील कित्येकांनीं पुस्तक उघडण्याआधीं माझ्या पायांस हात लावला. तेव्हां ती विक्री पुस्तकाची कीं गुरुदक्षिणेची, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

छापणाऱ्यास दोष देऊन मी मोकळा होऊं शकलों असतों. परंतु खरें सांगावयाचें तर दोष माझाच. वर्गांतील पन्नास-साठ मुलांपुढें मीं सबंध उमेद घालविली, पण "माझें पुस्तक घ्या" हें तीन शब्दांचें वाक्य माझ्या तोंडून एकदांहि निघालें नाहीं. पिशवींत पुस्तक घेऊन एखाद्याच्या ओसरीवर जावें, चहा घ्यावा, पावसापाण्याचें बोलावें आणि पिशवी न उघडतां परत यावें, असें किती वेळां झालें असेल!

माझें एक असो. म्हातारपणचा हौसेचा खर्च म्हणून तें सोडून देतां येतें. हा लेख लिहावयास बसलों तो आमच्या धाकट्या सूनबाईमुळें.

सूनबाई अंबाजोगाईची. आद्यकवि मुकुंदराजांची समाधि आणि दासोपंतांचें घराणें ज्या गांवांत, तेथील मुलीस लिहिण्याचा नाद असला तर नवल नाहीं. नवल एवढेंच कीं तिच्या लग्नाला सात वर्षें होईपर्यंत तो नाद आम्हां कोणालाच ठाऊक नव्हता. गेल्या वर्षीं शेंगदाण्यांचा डबा शोधतां शोधतां वहिनींच्या हातीं तिच्या हिशेबाच्या चार वह्या लागल्या. पहिल्या पानावर दुधाचा हिशेब, आणि पुढें सगळ्या गोष्टी. वहिनींनीं दुपारीं एक वाची वाची म्हणून सगळ्या वाचल्या व संध्याकाळीं डोळे पुसत त्या वह्या माझ्यापुढें आणून ठेवल्या. मींहि वाचल्या. शिक्षकाचा डोळा घेऊन वाचल्या. लाल पेन्सिल हातांत होती, ती तशीच खालीं ठेवली.

मग घरांत सभा भरली. पुण्यास संगणकाच्या धंद्यांत असलेला पुतण्या सुटीवर आला होता, त्यानें उपाय सांगितला. आतां छापखान्याची गरज नाहीं, इंटरनेटवर सगळें फुकट होतें. मात्र लेखकानें रोज लोकांपुढें आलें पाहिजे. मोबाइल समोर धरावा, चेहरा दाखवावा, दीड मिनिटाचें 'रील' करावें, आज काय लिहिलें, चहा कोठें प्यालों, हें सांगत राहावें. लोकांना आधीं माणूस आवडतो, मग त्याचें लिखाण. तो जें म्हणाला तें खोटें नव्हतें. पुष्कळ मंडळी तसें करतात व त्यांचीं पुस्तकें खपतात. परंतु सूनबाईचा चेहरा पार उतरला. तिनें वह्या उचलल्या आणि हळूच म्हणाली, "मामंजी, मला लिहितां येतें. मला दिसतां येत नाहीं. तसें करावयाचें असेल तर मी लिहीतच नाहीं."

माझे बंधु म्हणाले, "ठीक आहे, घरांतल्या बाईनें फोनवर झळकण्यापेक्षां तें बरें." वहिनी त्यांच्यावर उसळल्या. पुतण्या म्हणाला, "मग कोणाला कळणार कसें?" आणि त्याचा प्रश्न बरोबर होता. वह्या मात्र दोन महिने शेंगदाण्यांच्या डब्याखालीं परत गेल्या.

त्या दोन महिन्यांत मीं माझीं जुनीं संस्कृत पुस्तकें काढलीं. माणूस अडला कीं जें शिकला त्याच्याकडे वळतो. आमच्या नाट्यशास्त्रांत 'प्ररोचना' नांवाचा एक प्रकार सांगितला आहे. नाटकाच्या प्रस्तावनेंत कवीची व प्रयोगाची प्रशंसा करून प्रेक्षकांचें मन तिकडे वळवावयाचें, ती प्ररोचना. म्हणजे जाहिरातच, तिला आपल्याकडे सोवळ्याबाहेर कोणी ठेवलें नव्हतें. पण ती करतो कोण? कवि नव्हे, सूत्रधार! 'मालविकाग्निमित्रा'च्या आरंभीं सूत्रधाराचा सोबती शंका काढतो कीं भास, सौमिल्ल यांसारखे नामांकित कवि सोडून या हयात असलेल्या कालिदासाचें नाटक कां करावयाचें? त्याला उत्तर सूत्रधार देतो. पडद्यामागें कालिदास काय करीत होता कोणास ठाऊक. बहुधा घाम पुशीत उभा असेल. भवभूतीनें 'मालतीमाधवां'त आपल्याला समजणारा कोणीतरी केव्हांतरी जन्मेल असा धीर स्वतःस दिला, तोहि सूत्रधाराच्याच मुखानें.

आणि कवीचें नांवच सांगावयाचें राहून गेलें तर काय होतें, तेंहि याच शास्त्रांत दिसतें. त्रावणकोराकडील पोथ्यांत सांपडलेलीं तेरा नाटकें म. म. गणपतिशास्त्री यांनीं १९१२ पासून प्रसिद्ध केलीं आणि तीं भासाचीं आहेत असें प्रतिपादिलें. परंतु त्या नाटकांच्या आरंभीं कवीचें नांव नाहीं. एवढ्या एका उणिवेवरून विद्वानांत जो वाद लागला तो शंभर वर्षें उलटलीं तरी पुरता मिटलेला नाहीं.

म्हणजे दोन गोष्टी झाल्या. कवीनें स्वतः डंका पिटला नाहीं तरी चालतें. पण कोणीतरी पिटावा लागतो, आणि त्यांत कवीचें नांव असावें लागतें. हें मला नीट उमगलें तेव्हां मराठींतील आमचे भिडस्त लोक डोळ्यांपुढें येऊं लागले.

केशवसुतांएवढा लाजाळू कवि दुसरा कोणता? ज्यांच्यापासून आपण आधुनिक मराठी कविता मोजतों त्यांचें एक छायाचित्रहि उपलब्ध नाहीं; भिंतीवर दिसतात तीं कल्पनाचित्रें. शिक्षकाची नोकरी करीत ते गांवोगांव फिरले, कविता मासिकांकडे पाठवीत राहिले आणि १९०५ च्या नोव्हेंबरांत हुबळीस प्लेगनें गेले. हयातींत त्यांचा एकहि संग्रह निघाला नाहीं. पुढें दहा-अकरा वर्षांनीं हरिभाऊ आपटे यांनीं 'केशवसुतांची कविता' प्रसिद्ध केली. पण येथें एक गोष्ट निसटतां कामा नये. केशवसुत सभांत मिरवले नाहींत, तरी कविता त्यांनीं पेटींत ठेवल्या नाहींत. जळगांवाहून नानासाहेब फडणीस केवळ कवितेला वाहिलेलें 'काव्यरत्नावली' मासिक काढीत. तेथें त्यांच्या कविता गेल्या, 'करमणुकीं'त गेल्या. त्या छापलेल्या होत्या म्हणूनच हरिभाऊंना गोळा करतां आल्या.

त्याच जळगांवच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना तर लिहितांहि येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, चुलीपुढें त्या गात. मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनीं जें जमेल तें उतरून घेतलें. १९५१ च्या डिसेंबरांत त्या निवर्तल्या. सोपानदेवांनीं तें बाड आचार्य अत्र्यांपुढें ठेवलें आणि १९५२ सालीं 'बहिणाबाईंचीं गाणीं' पुस्तकरूपानें आलीं. आपण त्यांचें कौतुक करतों, परंतु माझें मन दुसरीकडे जातें: उतरून घ्यावयास कोणी जवळ नव्हतें त्या दिवशींचीं गाणीं कोठें गेलीं? तीं जात्याच्या घरघरीबरोबर संपलीं. संकोचाची खरी किंमत ही. लेखकाला ती द्यावी लागत नाहीं, लिखाणाला द्यावी लागते.

तिसरे गृहस्थ अगदीं वेगळे. अरुण कोलटकर हे पोटासाठीं जाहिरातीच्या धंद्यांत चित्रकार होते आणि त्या धंद्यांतील मानाचीं पारितोषिकें त्यांनीं मिळविलीं होतीं. दुसऱ्याचा माल लोकांच्या डोळ्यांत कसा भरवावा हें ज्याला हातखंडा येत होतें, त्या माणसानें स्वतःच्या कवितेसाठीं मात्र कधीं फळा लावला नाहीं. १९७६ सालीं 'जेजुरी' हें त्यांचें इंग्रजी पुस्तक आलें, दुसऱ्या वर्षीं त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्याच १९७७ सालीं 'अरुण कोलटकरच्या कविता' निघाल्या आणि पुढें जवळजवळ पंचवीस वर्षें पुस्तक नाहीं. घरीं टेलिफोनहि नव्हता असें त्यांच्या परिचितांनीं लिहून ठेवलें आहे. पण मुंबईच्या काळा घोडा भागांतील एका उपाहारगृहांत ते ठरलेल्या वारीं ठरलेल्या जागीं बसत. ज्याला भेटावयाचें तो तेथें जाई. आणि अशोक शहाणे यांच्यासारखा मित्र 'प्रास प्रकाशना'तर्फे तीं पुस्तकें निगुतीनें छापावयास सिद्ध होता. २००४ सालच्या मृत्यूपूर्वीं 'भिजकी वही' हातीं आली. तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें तें मात्र मागाहून.

धारवाडचे जी. ए. कुलकर्णी यांचाहि येथेंच उल्लेख करतों. सभा-संमेलनांपासून दूर, डोळ्यांवर काळा चष्मा. तरी त्यांचीं निवडक पत्रें छापावयास चार खंड लागले. एका माणसास एक माणूस लिहितो तेव्हां ज्याला भीड वाटत नाहीं असे लेखक पुष्कळ असतात. शंभरांपुढें तेच मुके होतात.

एके संध्याकाळीं मीं सूनबाईला हें सगळें सांगितलें. तिनें मोजका प्रश्न केला, "म्हणजे माझा सूत्रधार कोण?" मी म्हणालों, "मी आहें कीं!" मग माझ्या लक्षांत आलें कीं स्वतःचें पुस्तक पिशवींतून बाहेर काढतांना माझा हात जड होतो, पण सूनबाईच्या गोष्टीविषयीं बोलतांना जीभ अडखळत नाहीं. हें प्रत्येक घरीं असेंच असावें. भाऊ, नणंद, सासरा, मैत्रीण, कोणीहि. एकत्र कुटुंबांत सूत्रधारांचा तुटवडा नसतो, आपण त्यांना नेमीत नाहीं एवढेंच.

आम्हीं केलें तें अगदीं साधें. व्हॉट्सॲपवर मेळा न जमवितां प्रसारण-यादी केली. मेळ्यांत एकाचें बोलणें सर्वांपुढें येतें. प्रसारण-यादींतून गेलेला मजकूर मात्र प्रत्येकास स्वतंत्र पत्रासारखा पोंचतो, आणि त्याचें उत्तर फक्त आपल्यालाच येतें. अशा एका यादींत २५६ नांवें मावतात. ज्यांनीं आपला नंबर आपल्या मोबाइलमध्यें नोंदविलेला असेल त्यांनाच तो मजकूर मिळतो, म्हणून बळजबरीचा प्रश्नच नाहीं. आमच्या यादींत आरंभीं ४१ नांवें होतीं. वार गुरुवार ठरला, वेळ दिवेलागणीची. भारनियमन असो कीं पाहुणे असोत, गोष्टीचा एक भाग गुरुवारीं गेलाच पाहिजे. छायाचित्राच्या जागीं वहिनींच्या रांगोळींतील एक समई. नांव सूनबाईनें माहेरचें घेतलें. ज्यांचे डोळे अधू त्यांच्यासाठीं माझी नात गोष्ट वाचून आवाज भरते. ती कोठें थांबावें हें माझ्यापेक्षां चांगलें जाणते.

'आवडलें' म्हणून जे आंगठे येतात ते मोजावयाचे नाहींत असा घरांत नियम केला. तो पहिल्या आठवड्यांत मींच मोडला. परंतु दोन ओळींचें जरी उत्तर आलें तरी सूनबाईनें त्याला उत्तर लिहावयाचें, हा नियम तिनें पाळला. एकेकटीला लिहितांना तिचा हात झरझर चालतो.

चौथ्या महिन्यांत एक प्रकार घडला. नागपूरच्या एका आप्तांनीं मला "अवश्य वाचा" म्हणून एक मजकूर पाठविला. सिंदफणेला पूर आला तेव्हां गांवच्या शिंप्यानें शिवणयंत्र डोक्यावर घेऊन नदी कशी ओलांडली, त्याची हकीकत. ती माझ्या पुस्तकांतील! यादींत मध्यंतरीं एका गुरुवारीं ती मीं घातली होती. खालीं माझें नांव नव्हतें. एका दिवंगत, सर्वमान्य विनोदी लेखकाचें नांव होतें. क्षणभर धन्य वाटलें, नंतर रात्रभर झोंप नाहीं. कायदा आमच्या बाजूचा आहे. १९५७ च्या लेखनहक्काच्या कायद्याप्रमाणें लिहितांक्षणींच हक्क लेखकाचा होतो, नोंदणीची अट नाहीं, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. परंतु पुढें पुढें ढकललेल्या मजकुरामागें कोणी किती धांवावें?

त्यावर उतारा सूनबाईच्या माहेरच्या गांवानें दिला. दासोपंतांनीं 'गीतार्णव' हा सव्वा लाख ओंव्यांचा ग्रंथ लिहिल्याचें परंपरा सांगते. 'पंचीकरण' तर त्यांनीं सुमारें ४० फूट लांबीच्या कापडावर लिहून काढलें, तीच ती अंबाजोगाईची प्रसिद्ध पासोडी. एवढें लिहूनहि ते 'दिगंबरानुचर' ही मुद्रा घालावयास चुकले नाहींत. नामदेव, एकनाथ, तुकोबा सर्वांची हीच रीत. त्या काळीं अभंग तोंडोतोंडीं फिरे, पोथीचें मुखपृष्ठ कोठून आणणार? म्हणून नांव शेवटल्या चरणांतच विणून टाकलेलें. तें काढावें तर चरणच मोडावा. आम्ही तीस वर्षें वर्गांत 'तुका म्हणे' शिकविलें, पण ती किती व्यवहारी युक्ति आहे हें व्हॉट्सॲपनें शिकविलें. आतां सूनबाईच्या प्रत्येक गोष्टींत एखादें पात्र, एखादें वाक्य असें असतें कीं ज्यांत तिचें नांव आणि शिरूर कासार येऊन जातें. कोणी खालचें नांव पुसलें तरी पोटांतलें राहतें.

दासोपंतांची दुसरी बाजूहि मनांत सलते. एवढा ग्रंथराशि, पण ज्ञानेश्वरीप्रमाणें तो घरोघर गेला नाहीं. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत शके १५०६ मध्यें एकनाथांनीं सिद्ध केली, कीर्तनकारांनीं तिला मुख दिलें, वारकऱ्यांनीं पाय दिले. सूत्रधार मिळाला तर सातशें वर्षें, न मिळाला तर पासोडी घडी करून ठेवलेली.

माझ्या खोक्यांविषयीं थोडें सांगून टाकतों. यादींतील लोक आपणहून पुस्तक मागूं लागले, टपालानें प्रती जाऊं लागल्या, एक खोकें रिकामें झालें. त्यांत वहिनींनीं आतां पापड ठेवले आहेत. पुस्तकाला आंतरराष्ट्रीय क्रमांक घ्यावयाचें मीं पूर्वीं टाळलें होतें, कारण तो महाग असेल अशी समजूत. वस्तुतः आपल्या देशांत राजा राममोहन राय यांच्या नांवाची सरकारी यंत्रणा तो विनामूल्य देते. पुढच्या पुस्तकाला, म्हणजे सूनबाईच्या, तो घेणार आहों. बंधूंचा विरोध मावळला असें म्हणवत नाहीं, पण गुरुवारीं ते जेवण लौकर आटोपतात.

दसरा-दिवाळीनंतर आमचा तालुका अर्धा रिकामा होतो हें बीडकडील वाचकांस सांगावयास नको. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांत, कर्नाटकांत जातात. माझा एक जुना विद्यार्थी बायकोसह सांगलीकडे गेला आहे. त्याचें नांव यादींत होतें, पण तो वाचीत असेल असें मला कधीं वाटलें नाहीं. सूनबाईनें मार्गशीर्षांत जी गोष्ट सुरू केली ती अशाच एका जोडप्याची. गांव सोडतांना ती बाई घराला कुलूप लावते आणि किल्ली शेजारणीकडे देते, येथून आरंभ. दुसरा भाग गेल्यावर रात्रीं त्याचा निरोप आला. "गुरुजी, थोरली पोरगी वाचती अन् कोपीपुढं समदी टोळी ऐकती. पर ताईंला सांगा, किल्ली चुकली. घराला कुलूप कुठं असतंय, म्हातारी राहती की मागं."

सूनबाई तीन दिवस गप्प होती. चौथ्या दिवशीं तिनें हातानें एक पानभर पत्र लिहिलें, त्याचें छायाचित्र काढलें आणि त्याला पाठविलें: मग म्हातारी काय करते, धान्य किती ठेवतां, जातांना ती काय बोलते, सगळें मला सांगा. उत्तर म्हणून काल त्याच्या बायकोचा आवाज आला. सहा मिनिटें. मधून बैलांच्या घुंगरांचा, वाऱ्याचा आणि लहान मुलाच्या रडण्याचा आवाज. सूनबाई चुलीपाशीं उभी राहून तो दुसऱ्यांदा ऐकत होती, तेवढ्यांत दूध उतूं गेलें. वहिनींनीं भांडें उतरविलें, ओटा पुसला, आणि कांहींएक न बोलतां तिच्या शेजारीं ऐकत उभ्या राहिल्या.